मालक गाडीत असला पाहिजे

शेजारची सीट रिकामी होती. पट्टा वर गुंडाळून गेलेला, गवती टोपी पुढच्या काचेखाली ठेवलेली, दार नीट लावलेलं. माझ्या हातात तोर्तियांचं, मक्याच्या पातळ पोळ्यांचं, पुडकं होतं, फडक्यातून त्यांची ऊब मनगटाला लागत होती, आणि मी खिडकीतून त्या सीटकडे बघत उभी होते. ओरेस्ट कुठे गेला, हा प्रश्न माझ्या मनात दुसरा आला. पहिला आला तो असा, की आता ही गाडी इथून हलवायची कशी? लाज वाटावी असाच तो क्रम होता, आणि वाटलीही. पण दोन्ही प्रश्नांची मिळून भीती एकच होती. सांता तेरेचा बाजार भर सकाळी जसा असतो तसाच होता. कोपऱ्यावर कोणी संत्री पिळत होतं, वरच्या जकारांदाची जांभळी फुलं टपावर पडत होती, कुणाच्या तरी दुकानात रेडिओ लागला होता. मी दार उघडून सीटवर हात ठेवला. गरम लागली. पण मार्चमध्ये ग्वादालाहारात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची कुठलीही सीट गरमच असते, त्यावरून माणूस आत्ता उठला की मघाशी, हे काही कळत नाही.

जाताना मी त्याला बजावलं होतं, "हलू नकोस, आलेच मी." आणि तो म्हणाला होता, "मी कुठे जाणार? मी तर परवाना आहे." हा आमचा जुना विनोद. आधी तो त्याने केला, मग आमच्या ओळखीच्या सगळ्या कॅनडावाल्यांनी उचलला. जेवायला गेलो की कोणीतरी विचारायचंच, "काय डोरीन, परवाना बरोबर आणलास ना?" आणि ओरेस्ट छातीवर हात ठेवून मान लववायचा. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, एकदम बरा दिसायचा तसं करताना. अलीकडे तो विनोद त्याला आठवतो, पण तो विनोद आहे हे त्याला आठवत असेलच, याची मला खात्री नाही.

मेक्सिकोचा नियम तसा साधा आहे. परदेशी नंबरपाटीची गाडी जो पाहुणा घेऊन येतो, तो ती इथे चालवू शकतो. त्याची लग्नाची बायको चालवू शकते, मुलं चालवू शकतात, त्याच्यासारखा दुसरा पाहुणाही चालवू शकतो. बाकी कुणाला चालवायची असेल तर मालक गाडीत बसलेला पाहिजे. नसला तर गाडी सरकारजमा. मी यातली कुणीच नाही. काही वर्षांपूर्वी मला झटका आला होता, की आता कायमचं इथेच राहायचं, त्या बर्फात परत तोंड घालायचं नाही. रांगा लावून मी इथलं कायम रहिवासाचं कार्ड मिळवलं. ओरेस्टने काही कार्ड घेतलं नाही. तो दर हिवाळ्यात पाहुणा म्हणून येतो आणि एप्रिलमध्ये पाहुण्यासारखा जातो. त्याला शेतं दिसली पाहिजेत, मे महिन्यात काळी माती वर आलेली दिसली पाहिजे. मग मीही त्याच्याबरोबर परत जाते, कार्ड पर्समध्ये घालून. तेव्हा तोच गाडी चालवायचा, मी शेजारी बसून झोपा काढायचे, त्यामुळे नियमाशी माझा संबंध आला नव्हता. आता त्याचे हात आणि रस्ते यांची फारकत झाली, आणि चाक माझ्याकडे आलं. माझ्याकडे या राज्याचं चालकाचं लायसन्स आहे, डोळ्यांची तपासणी झालेली आहे. या शहरातली कुठलीही टॅक्सी, कुठलाही टेम्पो मी कायदेशीर चालवू शकते. फक्त आमची ही निळी गाडी, जिच्या पाटीवर आमच्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या ओंब्या छापल्या आहेत, ती एकटीने चालवू शकत नाही.

"अगं, बायको आहे म्हणून सांग की," आमची घरमालकीण एल्विरा मला दर वेळी म्हणते. "कोण मागतंय तुझ्याकडे लग्नाचा कागद? या गल्लीत निम्म्या घरांत लग्न झालेलं नाही आणि सगळ्या घरांत बायको आहे." एल्विराला ते सोपं वाटतं. माझ्या तोंडातून तो शब्द निघत नाही. ओरेस्टची बायको म्हणजे मारुस्या. ती मी त्याला भेटण्याच्या आधी गेली. तिचा फोटो आमच्या दोन्ही घरांत आहे, दोन्ही ठिकाणी मीच खिळा ठोकला. आम्हीही लग्न करणार होतो, पण त्या वर्षी पीक बुडालं, पुढच्या वर्षी माझा गुडघा, मग त्याची मुलगी ओक्साना घराच्या वाटणीवरून तिखट बोलली, आणि मग आम्हाला वाटलं, या वयात केक कोण कापत बसणार! एका नाताळच्या जेवणाला, टेबलावर बिटाचं सार आलेलं असताना, ओक्सानाने कुणाशी तरी माझी ओळख करून दिली, "ही बाबांची डोरीन." बाबांची गाडी, बाबांचं कपाट, बाबांची डोरीन. मी हसले. पण त्या दिवसापासून तो दुसरा शब्द माझ्या घशात अडकला तो अडकलाच.

लाल फडकं हलवून गाड्या लावून देणारा तिबुर्सिओ पलीकडे बादलीवर बसला होता. मी त्याला विचारलं.

"उतरला की तो," तिबुर्सिओ म्हणाला. "दार हळूच लावलं. सभ्य माणूस. मला सलाम केला."

"कुठे गेला?"

"मला वाटलं तुमच्याकडेच आला. तिकडे." त्याने फडकं बाजाराच्या दाराकडे झटकलं, मग विचार करून दुसरीकडेही झटकलं. "लघवीला लागली असेल, सेन्योरा. या वयात ती काय सांगून येते?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आल्यावर जरा हायसं वाटलं. मी बाजारातल्या संडासापाशी गेले. दारातल्या बाईने मान हलवली, इकडे कोणी गोरा म्हातारा आला नाही. मग मी आतल्या बोळांतून फिरले, जडीबुटीच्या दुकानांवरून, आतडी टांगलेल्या कसायांवरून, कागदी बाहुल्यांवरून. "काय देऊ गोऱ्या बाई, या की गोऱ्या बाई," दोन्ही बाजूंनी चालूच होतं. मी प्रत्येक उंच पाठीकडे बघत होते. या शहरात उंच पाठी इतक्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. एकदा तर निळ्या शर्टाच्या एका माणसाचा मी दंड धरला, आणि तो वळला तेव्हा त्याला मिशाच नव्हत्या. गुडघा बोलायला लागला. तोर्तियांचं पुडकं मी अजून छातीशी धरलं होतं, ते गाडीत का ठेवलं नाही देव जाणे.

मागच्या उन्हाळ्यात तिकडेही तो असाच गेला होता. सकाळी उठून, बूट घालून, जुन्या शाळेच्या शेडकडे. ओरेस्टने शेतीबरोबर जन्मभर शाळेची पिवळी बस चालवली. बर्फातून, चिखलातून, शेता-शेताच्या फाटकापासून पोरं उचलायची आणि संध्याकाळी परत सोडायची. निघण्याआधी आरशात बघून एकच प्रश्न विचारायचा, "सगळे आले का?" आणि उत्तर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. एकदा वादळ येत असताना सगळे मास्तर त्याच्यावर ओरडत होते, निघ म्हणून, आणि हा हटून बसला, की एक पोरगी कमी आहे. ती कोटांच्या खोलीत झोपलेली सापडली. ही गोष्ट मला त्याच्या गावातल्या प्रत्येकाने वेगवेगळी सांगितली आहे. आमच्या गाडीतही, दोघंच असलो तरी, तो आरशात बघून विचारतो, सगळे आले का, आणि मी म्हणते, आले, आणि मग मी चावी फिरवते. तर त्या उन्हाळ्यात तो त्या बंद शेडपाशी पोरांची वाट बघत बसलेला पोलिसांना मिळाला. रात्री ओक्सानाचा फोन आला. रडत नव्हती, हेच भीतीचं होतं. "पुन्हा असं काही झालं तर बाबा इथे माझ्याकडे राहतील," ती म्हणाली. "आणि डोरीन, त्यासाठी मला तुला विचारायचीही गरज नाही, हे तुला माहीत आहे ना?" माहीत होतं. कागदावर मी त्याची कुणी नाही. तो ज्या दिवशी माझ्या शेजारी नसेल त्या दिवशी गाडी माझी नाही आणि तोही माझा नाही.

म्हणून पोलिसांना सांगायचं नव्हतं. पोलिसांना सांगितलं की वकिलातीला कळणार, वकिलातीला कळलं की ओक्सानाला. विमानाने ती दुसऱ्या दिवशी इथे, आणि परत जाताना त्याचा हात तिच्या हातात. मी गाडीपाशी परत आले तेव्हा सीट तशीच रिकामी होती. मी चाकामागे बसले आणि एल्विराला फोन लावला.

"चापालितात आला का गं तो? घरी?"

"इतक्या लांब? चालत?" एल्विरा ओरडली. "येशू-मेरी! डोरीन, तू पोलिसांना सांग. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"मग टॅक्सी कर आणि गल्ल्या धुंडाळ. त्या निळ्या गाडीला हात लावू नकोस, सांगून ठेवते."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण मला वाटत होतं की टॅक्सीतून मी त्याला दिसणार नाही. त्याला माणसं ओळखू येत नाहीत कधीकधी, मलाही सकाळी क्षणभर बघत राहतो, पण ही गाडी त्याला ओळखते आणि तो गाडीला. ही गाडी रस्त्यावरून हळू गेली तर तो आपणहून हात करेल. आणि माझ्या पायांना आता बाजाराचा आणखी एक फेरा झेपणार नव्हता. त्याला शोधायला गाडी पाहिजे, आणि गाडी हलवायला तो पाहिजे. कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. मला हसू आलं नाही. मग मी एक मूर्खपणा केला. मागच्या सीटवरचं त्याचं जाकीट घेतलं, शेजारच्या सीटच्या पाठीवर चढवलं, वर टोपी ठेवली आणि पट्टा लावला. शेतातलं बुजगावणं करतो तसं. "आलेच," मी त्या जाकिटाला म्हटलं, आणि चावी फिरवली. सगळे आले का, असं कुणी विचारलं नाही.

मी पहिल्या गियरमध्ये गल्लीमागून गल्ली फिरले. मागून हॉर्न वाजत होते. एक बसवाला खिडकीतून ओरडला, "आजी, देवदर्शनाला निघालात का?" मी उजवीकडचा फूटपाथ बघायचे, मग डावीकडचा, मग घाबरून समोर. औषधाचं दुकान, चर्च, केस कापायचं दुकान, पुन्हा चर्च. प्रत्येक चौकात मला वाटायचं, तो याच्या आधीच्या चौकात होता आणि मी दुसरीकडे बघत होते. मनात चित्रं यायला लागली. तो मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभा आहे, दोन्ही हात पसरून, पोरांना रस्ता ओलांडून देतोय आणि पोरं नाहीतच. तो कुठल्यातरी अनोळखी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्याला गेलाय. आणि एक चित्र असं, की तो सापडला आहे, बरा आहे, आणि मला म्हणतोय, आपण कोण? हे शेवटचं मी लगेच पुसून टाकलं. तेवढ्यात सिग्नल लाल झाला आणि चौकातली वाहतूक पोलीस बाई माझ्याकडेच चालत आली.

चाळिशीची असेल. दोन वेण्या टोपीखाली बांधलेल्या, छातीवर नाव, सालसेदो. भोपळ्याच्या बिया खात होती. ती आधी पाटीपाशी वाकली.

"कुठली म्हणायची ही?"

"कॅनडाची."

"गहू काढलाय. छान." तिने खिडकीतून आत बघितलं. टोपी बघितली, जाकीट बघितलं, लावलेला पट्टा बघितला. बराच वेळ बघितलं. "आणि हे कोण?"

"जाकीट आहे."

"ते दिसलं मला. गाडी कुणाची?"

"ओरेस्टची."

"म्हणजे तुमचा नवरा?"

एक शब्द पुरे होता. त्या एका शब्दाने गाडी माझी झाली असती, ती बाजूला झाली असती, मी पुढच्या गल्लीत गेले असते. एल्विराने तो मला इतक्यांदा शिकवला होता. माझ्या डोळ्यांसमोर मारुस्याचा फोटो आला, खिळा ठोकताना माझ्या अंगठ्याला लागलं होतं ते आठवलं, बाबांची डोरीन आठवली.

"नाही," मी म्हटलं.

सालसेदो बी चावायची थांबली. लोक तिला रोज किती थापा मारत असतील, आणि ही म्हातारी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. "नाही? मग मालक कुठे आहे, सेन्योरा? मालक गाडीत असला पाहिजे, माहीत आहे ना?"

मागे हॉर्नचा गलका चालू होता. मला वाटलं, अजूनही काही सांगता येईल, कोपऱ्यावर उतरलाय, औषध आणायला गेलाय. माझं सगळं आयुष्य त्या थापेच्या अलीकडे होतं आणि ओरेस्ट पलीकडे कुठेतरी उन्हात होता, टोपीशिवाय. टोपी इथे माझ्याजवळ होती. त्या टोपीने मला हरवलं.

"हरवलाय तो," मी म्हटलं. "त्याला आठवत नाही काही. बाजारापाशी उतरला आणि मला सापडत नाही. गाडी घ्या तुम्ही, ओढून न्या, जमा करा, काय करायचं ते करा. पण आधी त्याला शोधा. डोक्यावर टोपी नाही त्याच्या." आणि मग मी चाकावर डोकं ठेवून रडले, जे मी ओक्सानाच्या फोनच्या रात्रीही केलं नव्हतं.

तिने मला गाडी कडेला घ्यायला लावली, मग हात आत घालून ती बंद केली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. ती चावी खिशात जाताना मी बघितली. "उतरा," ती म्हणाली. "माझी आई पण जाते अशी. मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या बारशात जाऊन जेवून आली. उंची?"

मी वर्णन सांगितलं. तिने खांद्यावरच्या यंत्रात ते सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग त्यातून कुणाचा तरी हसरा आवाज आला. बाजाराच्या मागच्या कोपऱ्यावर एक गोरा म्हातारा एका रोपवालीच्या गाडीत बसलाय, उतरायला तयार नाही, आणि ती बाई केव्हाची तक्रार करतेय.

बाजाराचा मागचा कोपरा, म्हणजे मी गाडी लावली होती तिथून वळलं की लगेच. मी तिथून दोनदा गेले होते. मी चालणारी माणसं बघत होते, बसलेली बघितलीच नाहीत. सालसेदोबरोबर धापा टाकत तिथे पोचले, तर एक निळा टेम्पो उभा होता, मागे रोपांच्या कुंड्या खच्चून भरलेल्या. आमच्या निळ्याहून उजळ, पण निळाच. चालकाशेजारच्या सीटवर ओरेस्ट. पट्टा लावलेला, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर. पुढ्यात कुणीतरी दिलेला तेहुइनोचा, मक्याच्या आंबट पेयाचा, प्याला, त्यातला बर्फ वितळून गेलेला.

"तुमचा का हा, सेन्योरा?" रोपवाली माझ्यावर तुटून पडली. मारिसेला नाव तिचं, नंतर कळलं. "केव्हाचा बसलाय! उतरा म्हटलं तर पट्टा घट्ट धरतो. मारायला येत नाही, शिव्या देत नाही, नुसता बसून राहतो. मला तोनाला गावी परत जायचंय, रोपं सुकायला लागली. बरं, म्हातारा माणूस, ओढून कसं काढणार? प्यायला दिलं बिचाऱ्याला."

"काही बोलले का?" सालसेदोने विचारलं.

"बोलतोय की, पण कळतंय कुणाला! आपल्या बोलीतलं त्याला एकच येतं. बायको येतेय, म्हणे. माझी बायको येतेय, माझी बायको चालवते. दहा वेळा तेच. मी म्हटलं, बाबा, तुझी बायको कुठून येणार माझ्या गाडीत?"

मी खिडकीपाशी गेले. ओरेस्टने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत ओळख होती की नुसती सभ्यता, हे मला सांगता येणार नाही. "विचारा त्यांना," सालसेदो मागून म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीत का बसले?"

मी विचारलं. तो जरा वैतागला, उघड गोष्ट विचारल्यावर वैतागायचा तसा.

"का म्हणजे? मी गाडीत नसलो तर तिला पकडतील. मालक गाडीत असला पाहिजे."

मला वाटायचं, मी त्याला बरोबर घेऊन फिरते. परवान्यासारखा, सामानासारखा, बाजारात, दवाखान्यात, पेट्रोलपंपावर, उन्हात, पट्टा लावून. कधीकधी मला त्याची कीव यायची, आणि कधीकधी, देवा, त्याचा कंटाळाही. आणि हा रोज कामावर येत होता. वाट चुकला, गाडी चुकला, पण काम चुकला नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं सालसेदोला सांगितलं. त्यात आपलीच मान अडकतेय हे बोलून झाल्यावर लक्षात आलं, आणि फरक पडला नाही.

सालसेदोने खिशातली चावी काढली आणि बोटावर फिरवली. "तुम्ही म्हणालात, नवरा नाही. हे म्हणतात, बायको आहे. बायकोला ही गाडी चालवता येते. आता मी कुणाचं ऐकू?"

मारुस्या असेल त्याच्या मनात. काळ्या मातीतली, तरुण, जिने ही गाडी कधी बघितलीही नाही. की मी असेन? विचारून उपयोग नव्हता, त्यालाही माहीत नसणार. सगळ्या बाजूला रोपांचा ओला वास येत होता.

"त्यांचं ऐका," मी म्हटलं. "गाडी त्यांची आहे."

तिने चावी माझ्या हातात ठेवली. "मग आधीच सांगायचं ना. नवराबायकोची भांडणं घरी ठेवत चला, रस्त्यावर नाही. आणि गळ्यात बिल्ला घाला त्यांच्या, नाव-पत्त्याचा. आज मी होते." आज मी होते, हे ती हळू म्हणाली, आणि ते घरी पोचेपर्यंत माझ्या कानात राहणार हे मला तेव्हाच कळलं. उद्या ती नसेल. परवा तो कुठल्या निळ्या गाडीत चढेल कुणास ठाऊक, आणि ती चालू असली तर? एप्रिलमध्ये सरहद्दीपर्यंतचा सगळा रस्ता मला एकटीला चालवायचा आहे, दर थांब्यावर त्याला नजरेआड न करता. आणि पलीकडे ओक्साना. हे सगळं जसं होतं तसंच होतं.

ओरेस्टला मी हात धरून आणलं. चौकात आमची गाडी कडेला उभी होती. त्याने शेजारच्या सीटवरचं जाकीट आणि टोपी बघितली. "हा कोण?" म्हणाला. मी ते काढून घेतलं. तो बसला, पट्टा त्याने स्वतः लावला, टोपी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले. मी चाकामागे बसले. तोर्तियांचं पुडकं मघापासून पुढच्या काचेखाली पडलं होतं, थंड होऊन गेलेलं.

त्याने आरशात बघितलं. "सगळे आले का?"

"आले."

मी चावी फिरवणार, तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. आरशातून त्याची नजर मागच्या रिकाम्या सीटवर फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. "डोरीन नाही आली," तो म्हणाला. "तोर्तिया आणायला गेलीय. तिला टाकून जायचं नाही."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. सालसेदो चौकातून बघत होती. मी काय बोलणार होते, मी इथेच आहे, मीच डोरीन, हे सगळं ओठांवर आलं आणि ते मी तिथेच ठेवलं. पुडकं उचललं. दार उघडून खाली उतरले, दार लावलं, उन्हात गाडीच्या मागून एक वळसा घातला, गव्हाच्या ओंब्यांच्या पाटीवरून, आणि पुन्हा दार उघडून आत चढले.

"आले रे," मी म्हटलं. "रांग मोठी होती."

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "किती वेळ, डोरीन!" तो म्हणाला. "बस. चल आता, सगळे आले."